डावी बाजू

नाना पेठेत, टायरच्या दुकानांना वळसा घालून
जिथे गल्ली एका गाडीपुरतीच उरते,
तिथे रियाज तांबोळीने खोकं उलटं करून दाखवलं.
वर सोनेरी आकडा: अडीच हजार वॅट.
"हा पीक," तो म्हणाला, "लग्नातला फोटो.
संसार आतल्या कागदावर असतो."
मी चष्मा शोधला.
चार ओहमला पंचाहत्तर, आर.एम.एस.,
मुंगीच्या अक्षरात.

मला मोठा आवाज नको, हे त्याला पटवण्यात
अर्धा तास गेला.
त्याच्याकडे येणाऱ्या पोरांना
शेजारच्या गाडीच्या काचा थरथरायला हव्या असतात.
म्हटलं, दारातले स्पीकर माझ्यासाठी,
बातम्या नीट ऐकू आल्या तरी पुष्कळ.
सबवूफर मात्र डाव्या सीटखाली.
तिथे आबा बसतात.

आबांनी एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
तोफगोळ्यांच्या चाचण्या घेतल्या,
कानात कापसाचे बोळे घालून.
डावा कान निवृत्तीआधीच गेला,
उजवा मागाहून, न सांगता.
यंत्र लावलं की म्हणतात, भांडी पडतायत.
टीव्हीसमोर बसून ओठ वाचतात,
निवेदक मिशीवाला निघाला की चॅनल बदलतात.
पण मागच्या आळीत बोअरची गाडी आली
तेव्हा माझ्याआधी त्यांना कळलं.
तळपाय फरशीवर सपाट टेकवून म्हणाले,
"कुठेतरी काहीतरी चालू आहे."

रियाजने महागाचं खोकं परत फळीवर ठेवलं.
"मोनो नको मग. चार चॅनलचा एकच पुरे.
दोन तुम्हाला,
उरलेले दोन ब्रिज करून काकांना.
बॅटरी केवढीशी तुमची,
हावरा अँप लावाल तर हेडलाइट ठेक्यावर मिचकावतील."

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.
वायर करंगळीएवढी.
अर्थिंगसाठी त्याने सीटखालचा रंग खरवडला,
पत्रा चमकेपर्यंत.
रंगावर जोडलं तर गुणगुण राहते म्हणे, जन्मभर.
बिलाला आडनाव विचारलं.
ढमाले, म्हटलं.
तो हसला नाही. मीच हसले.

आबा बाहेर बाकड्यावर, हातात गार झालेला चहा.
त्यांना आणून बसवलं, काही न सांगता.
पेनड्राइव्हमध्ये एकच गोष्ट होती:
कॉलनीच्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट, उतरवून घेतलेली,
पखवाजावर स्वतः आबा.

रियाज बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकला.
"गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, ताई.
मागून येतं तेवढंच घ्यायचं.
अधाशीपणा केला की फाटतं."

सुरू केलं.
आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं,
मग डॅशबोर्डकडे,
मग तळहात सीटच्या कडेला लावला
ताप बघतात तसा.
बराच वेळ काही नाही.
मग अंगठ्याच्या नखाने
हवेतलं काहीतरी खरवडल्यासारखं केलं.

"काय म्हणतायत?"
"कणीक जास्त झालीय म्हणतायत."
"कसली कणीक?"
मी सांगितलं: पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात,
जास्त झाली की नाद बसतो, गाळात पाय गेल्यासारखा.
रियाजने स्क्रू केसभर मागे घेतला.
आबांचं नख परत हललं.
अजून केसभर.
मग हात स्थिर झाला.
"हां," आबा म्हणाले, जरा मोठ्याने,
बहिऱ्यांचं असतं तसं.
पंक्चरवाल्याने मान वर करून पाहिलं.

परतताना संगम पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.
मी फेडर फिरवून माझे दोन चॅनल बंद करून पाहिले.
टाळ गेले, शब्द गेले, गाणाऱ्यांची नावं गेली.
अभंगाचा फक्त तळमजला उरला,
माझ्या पोटऱ्यांपर्यंत येणारा.
एवढंच ऐकू येतं का यांना, असं विचारायला वळले
तर कुठेशी एक मात्रा चुकली,
मला कळलीही नसती,
आणि आबांनी जीभ चावली,
सत्तावीस वर्षांपूर्वीच्या चुकीसाठी.