शाई नसलेल्या पावत्या

लिएपायाच्या बंदरामागं वेल्टाचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान.
बुटाच्या खोक्यात वर्षभराची खरेदी:
खिडकीकडच्या पावत्या कोऱ्या झाल्यात,
भट्टीकडच्या काळ्या.
मधल्या चार वाचता येतात.
मीठ. अल्डरची लाकडं. मीठ.
आणि सत्तावीस युरो, कशाचे ते गेलेलं.

हिशेबनीस इल्मार्स फोनवर वैतागतो,
मावशी, शाई नसतेच त्यात, नुसती आच असते.
आल्या आल्या फोटो काढायचा,
दोन ठिकाणी ठेवायचा, किती वेळा सांगू?

ती एक कोरी पावती फळीवर सपाट करते,
हात एप्रनला पुसून फोन धरते.
फोन म्हणतो, कागद सापडत नाही, जवळ या.
येते.
आणखी जवळ या.

मग कानामागची पेन्सिल काढून
पाठीवर लिहायला घेते, आठवेल तसं.
सत्तावीसपाशी अडते.
हां, बर्फ!
वीज गेली त्या रात्रीचा.
तरी पुरला नाही,
पहाटेपर्यंत अख्खी गल्ली फुकट मासे खात होती.

बर्फ, असं लिहिते.
बाकीचं हिशेबात बसत नाही.

गिऱ्हाईक येतं. यंत्र कोमट चिठ्ठी बाहेर टाकतं.
नको, म्हणतं गिऱ्हाईक.