एकोणीस नंबरचा शिपाई

ब्रिस्टलच्या कारखान्यात इडिथ पॅसमोर
दिवसभर पाकिटांत शिपाई सरकवायची.
पुठ्ठ्याचे, बोटभर उंचीचे.
सिगारेटी चिरडू नयेत
एवढंच त्यांचं काम.

लाल डगला, पितळी बटणं, टोपीवर पांढरा तुरा,
घोड्याचे चारही पाय स्वच्छ.
पाठीवर बारीक अक्षरांत
रेजिमेंटचा इतिहास, पराभव वगळून.

भावानं लिहिलं होतं :
तुझा तुरेवाला पोचला.
खंदकात हातोहात फिरला, पोट धरून हसलो.
इथे आम्ही सगळे एकाच रंगाचे,
घोडीसुद्धा.

नोव्हेंबरात त्याचं सामान आलं.
वस्तरा, एक मोजा, पाकीट.
सिगारेटी कुणी ओढल्या, तिनं विचारलं नाही.
शिपाई तेवढा आत होता,
कोपराही न दुमडलेला.

शेजारचा क्लेमंट दारात आला.
पन्नासांत त्याला एकोणीसच मिळत नव्हता.
"दोन गोलकीपर देतो, वर एक युद्धनौका."
"तीन गोलकीपर," ती म्हणाली,
"नौका नको."
तो घराकडे पळाला.

तेवढ्या वेळात
ती उंबऱ्यावर बसून पाठ वाचत राहिली,
बोट शिपायाच्या तोंडावर.

क्लेमंटनं चार आणले.
चौथा
तिनं मोजून परत दिला.