कडियाळ

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत
कूलरचं पाणी संपलेलं, मे महिना,
आणि माझ्यापुढे कापसाच्या गादीवर
माहुरझरीच्या दगडी वर्तुळातून निघालेलं लोखंड:
दोन कांड्या, मधे एक सांधा,
गंजानं एकमेकींत रुतलेल्या.
देवतळे सर म्हणाले, एकास एक काढा.
गंजसुद्धा.

गंजसुद्धा काढला. ठिपक्याठिपक्यांनी.
अडीच हजार वर्षं म्हणजे
साधारण साडेतीन तास.

सोबत ताडून बघायला एक जाड ग्रंथ,
युरोपातल्या थडग्यांचा.
त्यात हंगेरीच्या मैदानात सापडलेल्या
सांबरशिंगाच्या गालपट्ट्या, भोकं पाडलेल्या,
ज्यांतून कधीकाळी दोरी गेली असेल;
मग काशाच्या कांड्या, मग लोखंडाच्या,
आणि पान एकशे बाराला
हुबेहूब हाच सांधा, आल्प्सच्या पायथ्याशी,
जणू एकाच लोहारानं दोन्ही गावचे बाजार केले.
पुढे रोमचे स्वार, चार शिंगांच्या खोगिरात
मांड्या आवळून बसलेले, पाय अधांतरी.
एवढं थोरलं साम्राज्य, रिकिबीवाचून.
रिकीब फार उशिरा पोचली तिकडे,
पूर्वेच्या गवतातून, आवार नावाच्या लोकांच्या पायांत.
आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी
अनवाणी स्वार नुसता अंगठा अडकवायचे
चामड्याच्या फासात.

आणि जवळजवळ प्रत्येक थडग्याखाली बारीक टाइपात
तेच एक वाक्य:
चामडे मिळाले नाही.

बटर पेपरची गुंडाळी घेऊन महालात घरी आले.
बाबा ओसरीवर वरातीच्या घोडीचा मोहरा शिवत होते,
रेक्झिनचा, आरसे लावलेला.
टांगे होते तेव्हा केवळराम जीनगरांचा तंग
सीताबर्डीच्या चढावर कधी तुटला नाही,
असं ते स्वतःच सांगतात. सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांशी नेला.
"कोनाचं व्हय हे?"
माहीत नाही, बाबा. मेला तो.
"मानसाचं कोन इचारते? घोड्याचं इचारून राह्यलो मी."

मग चार बोटं कांडीवर ठेवली.
"चार बोटं, वर एक गहू. तट्टू व्हतं. लहान तोंडाचं.
डाव्या अंगाले जास्त घासलं, पाह्य.
स्वाराच्या उजव्या हातात काहीतरी राहे."
आणि थोडं थांबून,
"जड असंल. भाला नाही तर पोरगं."

मी रोमचं सांगितलं. हसले.
"रिकीब नाही, मंग चढे कसे?"
उडी मारून. नाहीतर कोणीतरी वाकून पाठ द्यायचं.
"त्या वाकनाऱ्याचं नाव हाय काय तुह्या पुस्तकात?"

त्यांनी आरी उचलली.
मी अहो, अहो म्हणेपर्यंत
कांडीच्या टोकापासून कागदभर टोचत गेले,
पेन्सिल नाही, पट्टी नाही,
"एका बोटाले सहा टाके. हे गालावरून.
हे कानामागून. हितं दुहेरी, हितं ताण येते."
घोड्याचा जबडा नव्हता तिथं. पण वळणं होती.

अख्खं चित्र पुन्हा काढावं लागलं.
सरांकडे दिलेल्या प्रतीत चामडं नाही;
नियमच आहे, मिळालं तेवढंच दाखवायचं.

पहिली प्रत कपाटात, साड्यांच्या खाली.
टेबलावर पसरली तर गंजाचं एक कडियाळ,
बाकी कोरा कागद.
खिडकीला धरली की उन्हाच्या टाक्यांनी
दोन हात लांब पट्टा उजळतो,
आणि त्याच्या आत
मान हलवावी एवढी जागा.