दोन बोटं माया

चार कॉलेजांची माहितीपत्रकं
शिलाई मशीनच्या पाटावर पसरून
मैत्रेयी म्हणाली, आई, तूच सांग.

मी काय सांगू?
जेल रोडला एकवीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
माझी बारावी इतिहासात राहिली ती राहिलीच.
पण माप मला कळतं.

दोन फीच्या आकड्यावरच गळली.
उरलेल्यांत खैरनारकाका म्हणाले, मोठंच घ्या,
पोरगी वाढेल त्यात.
शाळेच्या फ्रॉकचंही असंच म्हणाले होते सगळे.
दोन वर्षं ती बाह्या दुमडत राहिली,
अंगाला बसला तेव्हा
रंग गेला होता.

तरी गेलो कॉलेज रोडला.
गेट केवढं! आतलं पार्किंगच आमच्या गल्लीएवढं.
खिडकी चारवरून नऊवर, नऊवर जेवणाची सुट्टी.
"ब्याण्णव टक्के, आणि आर्ट्स?"
खिडकीतल्या माणसानं मान वर केली ती तेवढ्यापुरती.
मैत्रेयीला शब्द उशिरा येतात,
बारीक सुईत जाड दोरा ओवावा तसे.
तिनं तोंड उघडेपर्यंत
मागच्याचा फॉर्म आत गेला होता.
वाईट नव्हतं ते कॉलेज, खोटं कशाला बोलू.
कापड उंची होतं.
तिच्या अंगाचं नव्हतं.

दुसरं मखमलाबादच्या पुढे,
पाटी रस्त्याकडे नाही, कालव्याकडे तोंड करून,
म्हणून दोनदा चुकलो.
सगळी मिळून एकशे चाळीस मुलं,
तत्त्वज्ञानाला सात.
गांगुर्डे सरांनी टक्के विचारले नाहीत.
विचारलं, शेवटचं काय वाचून राग आला?
आणि थांबले.
एक बॉबिन भरेल एवढा वेळ थांबले.
माझाच जीव वरखाली.
मग ती म्हणाली, भूगोलाचं पुस्तक.
त्यात आपली गोदावरी दीड ओळीत संपते.
सरांनी खुर्ची पुढे सरकवली.
बस. पुढे सांग.

मला मात्र सवय, कपडा हाती आला की
आधी उलटा करून बघायचा.
त्या बोलत्या झाल्या तशी मी मागे गेले.
मुलींच्या संडासाची कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली.
लायब्ररी दोन खोल्यांची,
पण पुस्तकांच्या पाठी हाताळून मऊ झालेल्या.
नळावर एक मॅडम आणि तीन मुली
डबे विसळत भांडत होत्या,
कशावरून ते कळलं नाही,
पण मॅडम हरत होत्या.

नोकरीचं विचारलं. प्राचार्य म्हणाले,
"मागच्या वर्षी एकोणतीस बाहेर पडले.
अकरा पुढे शिकतायत, नऊ कामाला लागले,
बाकीच्यांचं विचारून सांगतो."
विचारून सांगतो, हे मला बरं वाटलं.
रात्री वाटलं नाही.

तिचे बाबा सातपूरला रात्रपाळीला.
फोनवर सगळं ऐकून म्हणाले,
आधी ती कडी बसवून घ्या म्हणावं.

खैरनारकाकांना अजून सांगितलेलं नाही.
आज पहिल्या दिवसाचा कुर्ता बेतला.
आई, ढगळ नको हं.
ढगळ नाहीच. अगदी अंगासरशी.
फक्त आत, शिवणीच्या पोटात
दोन बोटं माया ठेवलीय.
लागली तर उसवू.

परतीची बस पाच चाळीसला.
ती चुकली की एकदम सातची.
तेवढं मी पाठ केलंय.