साहित्याचा आढावा

प्रबंधाचं दुसरं प्रकरण अजून अर्धंच आहे:
आधी मोजले हात.
मग कुणीतरी घड्याळ लावून हातांचा वेळ मोजला.
मग लक्षात आलं, हातांना माणूस जोडलेला असतो
आणि त्याला कंटाळा येतो.
मग संसाधन. मग भांडवल.
दर दशकाला एक परिच्छेद, दर परिच्छेदाला चार संदर्भ,
सगळे कुठल्या कुठल्या थंड शहरांतले.

राळेगावच्या अलीकडे, फाट्यावर, जिनिंगच्या ऑफिसात
शालिक भोयर टाइमकीपर कपाटाची कडी ठोकून उघडतात.
"घ्या मॅडम. वाळवीनं ठेवलं तेवढं."
सर्वात जुनं मस्टर, निळी शाई: रेजा, २२.
नावं नाहीत.
पुढच्यात आहेत, म्हणजे 'मारोतीची बायको', 'लंगड्याची सून'.
त्यापुढे कामगार, अंगठे, फंडाचा रकाना,
एका पानावर कुणाची तरी सही, वळणदार, शिकून केलेली.
यंदाचं मस्टर नाहीच.
ठेकेदाराचं छापील बिल आहे:
मनुष्यबळ पुरवठा, नग २२.

मी बावीस पुन्हा मोजले.

जेवणाची सुट्टी. सरकीच्या ढिगाआड
कौतिकाबाई टेकाम डबा उघडून बसल्यात,
भुवयांवर रुई. अंबाडीची भाजी, भाकर.
प्रश्न चौदा वाचते मी:
व्यवस्थापन माझं म्हणणं ऐकून घेतं.
पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच चौकोन.

"बंद पडली का आयकते."
कोण?
"मशीन वो. मशीन बंद पडली का मालक पयत येते,
इचारते, काय झालं बाई.
चालू हाये तवर कोनालेच काई आयकू येत नाही.
मलेबी नाही.
आताबी मी तुया तोंडाकडे पाहून समजतो."

पेन चौकोनांवरून फिरलं, कुठेच टेकलं नाही.
समासात लिहिलं, उभं, जागा पुरेना म्हणून.
सर म्हणतील, समासाला कोड देता येत नाही.
सॉफ्टवेअर ते रिकामं धरेल.
कानांबद्दल तर
माझ्या बेचाळीस प्रश्नांत एकही प्रश्न नव्हता.

भोंगा झाला. त्यांनी डबा झटकला, पदर खोचला,
जिन सुरू होता होता विचारलं,
"काय लिह्यलं?"
मी ओठ सावकाश हलवून सांगितलं.
त्या हसल्या, काहीतरी म्हणाल्या.
मला ऐकू आलं नाही.