गळती

देवळाली कॅम्पच्या लिलावातली गाडी.
काटा पाच किलोपर्यंत चढतो
आणि तिथंच बसतो, रुसल्यासारखा.

पट्टा बदलला. कॉम्प्रेसर उघडून पाहिला.
टाकीखालचा कॉक सोडला तर
पाणी आलं, तेलकट, गढूळ,
कुठल्या पहाडातलं कोण जाणे.

गांगुर्डे तात्या म्हणाले, इंजिन बंद कर.
तो रेडिओपण.
मग आम्ही दोघं चॅसीखाली उताणे,
दारणेकडचा वारा पोटऱ्यांवर,
कान लावून.

कुठंतरी बारीक सूऽऽ
झोपलेल्या पोराच्या नाकातून यावी तशी.

साबणाचं पाणी, दाढीचा जुना ब्रश.
हा सांधा कोरडा. हाही.
मागच्या डाव्या चाकाकडं जाणाऱ्या नळीवर
फेस फुगला, लिंबाएवढा.

हिरव्या रंगाच्या तीन थरांखाली
सायकलच्या ट्यूबची पट्टी निघाली,
बुटाच्या नाडीनं आवळलेली.
तात्यांनी गाठ चाचपली.
"डावखुरा होता," म्हणाले. "आणि घाईत."
कापली नाही. नखानं सोडवली,
खिशात ठेवली.

नवी नळी. काटा साडेसातवर.
सकाळी पाहिलं तर सात.
अजून कुठंतरी जातेय, मी म्हटलं.
तात्या बशीतला चहा फुंकत होते.
"रात्रभरात अर्धा किलो?
तेवढा तर माझाही उतरतो."