स्पर्शाचा रकाना

कुलपात पावसाचं पाणी गेलं होतं. किल्ली फिरेना.
मल्लखांबासाठी ठेवलेलं एरंडेल होतं घरी,
दीड वर्षात घट्ट, तपकिरी झालेलं.
ते चार थेंब सोडले, तेव्हा कुठे
गिरणीमागचं गोदाम उघडलं.

रिंगांच्या दोरीपाशी होल्यानं
पाचसात काड्यांवर संसार मांडलेला.
गादीच्या शिवणीतून उंदरांनी काथ्या ओढून काढलेला.
आणि फळ्यावर हिलाल आप्पाचं तिरकं अक्षर:
सोमवार – ब्रिज, मागची कोलांटी, लो बार.
तो सोमवार भरला नाही.
फळा पुसू नका, असं मी कुणाला म्हटलं नाही.
कुणी पुसलाही नाही.

तहसीलचा कागद तीन पानी.
त्यात व्यायामशाळा होती, तरणतलाव होता,
आमचं नाव नव्हतं.
मग नियम मीच केले, पाठकोऱ्या कागदावर.

चुन्याचे गोल, सहा-सहा फुटांवर. एका गोलात एक पोर.
खिडक्यांचे गंजलेले बोल्ट ठोकून काढायचे,
धूळ आली तरी वारा आला पाहिजे.
पांढऱ्या भुकटीचा सामाईक डबा बंद, ज्याची त्याची डबी.
(जागृती बोरसेनं आईची मिसरीची डबी आणली.
तीनदा धुतली तरी वास जाईना.)
रांगेत मास्क हवाच. उडीत नको,
डोळ्यांवर सरकला तर पोर आंधळं पडेल.
रिंगा बंद, होल्याची पिल्लं उडेपर्यंत.

पहिल्या दिवशी कपाळावर ते पिस्तूल धरलं
तर सगळ्यांनाच ताप.
अडतीस. अडतीस पॉइंट चार.
एक आई दारातच रडायला लागली.
अहो, पोरं सायकलीवर आलीत,
हे अमळनेरचं ऊन आहे!
दहा मिनिटं निंबाखाली बसवली, पाणी पाजलं.
हळूहळू सगळी छत्तीसवर उतरली.

सानिया पिंजारी चार बोटं वाढलेली.
बीमवर चढली आणि तिथेच थिजली.
"ताई, हा बारीक केला का?"
नाही गं. तोच आहे, दहा सेंटिमीटर.
सगळ्यांच्या तळव्यांचे घट्टे गेलेले,
मोबाईलवर अंगठे तेवढे तयार झालेले.

म्हणून म्हटलं, महिनाभर उडी नाही.
महिनाभर पडायचं.
हनुवटी छातीला. पाठीचा गोल. हात मागे टेकायचा नाही,
मनगट जातं.
पोरं पडत राहिली धपाधप,
शेजारचा पीठगिरणीवाला बघायला आला,
काय पोती उतरवताय का म्हणून.

आप्पा बारखाली उभा राहायचा.
एक हात कमरेला, एक मानेमागे, लागण्याच्या बेतात.
"सोड हात पोरी. मी आठे शे."
धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा हात
कुणीतरी धरला असेल, मोजे घालून का होईना,
असं मी धरून चालते.

पाचव्या आठवड्यात जागृती लो बारवर.
मी माझ्या गोलात, सहा फुटांवर, हात पाठीमागे बांधून.
तिची बोटं सुटताना दिसली.
सहा फूट म्हणजे दोन ढांगा.

कमरेला एक, मानेमागे एक.
घाम, साबण, मिसरी.
क्षणभर दोघींपैकी कुणीच सोडलं नाही.

मग हौदावर जाऊन हात धुतले, आधी तिनं, मग मी.
पोरं आपापल्या गोलांतून माझ्याकडे बघत होती,
जसं चोरी पकडल्यावर बघतात.

संध्याकाळी हजेरीच्या वहीत नवा रकाना आखला,
उद्या कुणी आजारी पडलं तर कळवायला लागेल म्हणून.
वर लिहिलं: स्पर्श.
खाली: जागृती बोरसे, पाच चाळीस, लो बार.
कंबर व मान.

सानिया वाकून वाचत होती, मास्कआडून.
"ताई, उद्या माझा बीम आहे."

पट्टी पुन्हा काढली.
रेघ खोडून
रकाना जरा रुंद केला.